सुट्टी लागली की घाट उतरायचा: इंदूरच्या मराठी घरांच्या सहलींमागचा इतिहास

कालाकुंडच्या फलाटावर गाडी थांबली की डब्यात एकच गडबड उडायची. पळसाच्या पानांचे द्रोण घेतलेले विक्रेते खिडक्यांशी यायचे. द्रोणात कलाकंद असायचा, दाणेदार, कडेला जरासा तांबूस. नुकताच थापलेला असला तर पानातूनही तळहाताला कोमट लागायचा. खाऊन झाल्यावर बोटांना दुधाबरोबर पळसाच्या पानाचा ओला, तुरट वास बराच वेळ राहायचा. बाबा दोन द्रोण घेत. एक तिथेच संपायचा आणि दुसरा आजीच्या पिशवीत जायचा, ओंकारेश्वरला महादेवापुढे ठेवायला. तो तिथवर पोचला असं एकदाही झालं नाही.

रामबागेतल्या आमच्या घरी सुट्टीची ठिकाणं जवळजवळ ठरलेली होती. ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, उज्जैन, देवासची टेकडी, आणि पावसाळ्यात पाताळपाणी. शेजारच्या घरीही हीच नावं. पुढे नारायणबाग, लोकमान्यनगर, टिळकनगर इथल्या मित्रांच्या घरी गेलो तर तिथल्या अल्बमांतही हेच घाट, समाध्यांवरच्या ह्याच छत्र्या आणि मांडूचा हाच जहाजमहाल. लहानपणी वाटायचं, जवळ आहेत म्हणून जातो. ते खरंच आहे, सगळी ठिकाणं इंदूरपासून साधारण शंभर किलोमीटरच्या आत आहेत. पण जवळ तर पुष्कळ गावं आहेत. मग हीच का, याचं उत्तर शोधायला लागलो तेव्हा अठराव्या शतकातल्या एका वाटणीपाशी जाऊन पोचलो. आमच्या सहलींचा नकाशा आणि त्या वाटणीचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर रेघा बऱ्याचशा जुळतात.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळ अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मुघल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला आणि माळव्याचं दार उघडलं. पुढच्या तीन-चार वर्षांत बाजीराव पेशव्यांनी माळव्याचा महसूल आपल्या सरदारांत वाटून दिला. उज्जैनकडचा भाग राणोजी शिंद्यांकडे, इंदूरकडचा मल्हारराव होळकरांकडे, धार आणि देवास पवारांकडे. ही चारही गावं एकमेकांपासून एका दिवसाच्या घोडदौडीत येतील एवढ्या अंतरावर आहेत. सरदारांबरोबर कारकून आले, फडणीस आले, भिक्षुक आले, शिलेदार आणि बारगीर आले, आणि मग त्यांची घरं. मल्हारराव जेजुरीजवळच्या होळ गावचे. त्यांच्या पाठोपाठ देशावरून जी माणसं वर सरकली त्यांना मुलीसाठी स्थळ बघायचं तरी देवास, धार, उज्जैन, आणि देवदर्शनाला जायचं तरी तीच गावं. म्हणजे ही ठिकाणं सहलीची होण्याआधी दीडशे-दोनशे वर्षं सोयरिकीची होती.

इंदूर त्या वेळी फार मोठं नव्हतं. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सरस्वती आणि खान या दोन नद्यांच्या काठी पेठ वसवायला घेतली. दिल्ली आणि दख्खन यांच्या वाटेवरचं ठिकाण, म्हणून व्यापारी आले. गावाला नाव मिळालं इंद्रेश्वराच्या देवळावरून. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लागली आणि होळकरांचं बूड इथे टेकलं. पण राजधानीचा मान इंदूरला लगेच मिळाला नाही, आणि आमच्या सुट्ट्यांच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

१७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव वारले. त्यांचा मुलगा खंडेराव त्याआधीच, १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता. नातू मालेराव १७६७ मध्ये गेला. कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला आणि त्यांनी तो नर्मदाकाठी महेश्वरला नेला. १७९५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, जवळजवळ तीन दशकं, होळकरशाहीचा कारभार महेश्वरच्या घाटावरच्या वाड्यातून चालला. पुढचा काळ धामधुमीचा. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटलं, त्याचा सूड म्हणून शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून जाळलं. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांशी लढाई हरली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली ती कायमची. तिकडे दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्येच आपला मुक्काम उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवला होता.

आता आजूबाजूला पाहा. धार ही परमारांची राजधानी, पुढे मांडू माळव्याच्या सुलतानांची, उज्जैन शिंद्यांची, महेश्वर अहिल्याबाईंची. चारही ठिकाणचा कारभार उठून गेलेला. मागे राहिले वाडे, घाट, तलाव, देवळं, आणि त्या सगळ्यात भरून राहिलेली शांतता. इंदूर मात्र वाढत गेलं. कापडाच्या गिरण्या आल्या, मंड्या आल्या, गर्दी झाली. गर्दीच्या गावातल्या माणसाला सुट्टीत आणखी काय हवं असतं? राजधानी उठून गेली की गावाला जे रिकामपण येतं ते मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला फार चांगलं, हे मी महेश्वरच्या पायऱ्यांवर शिकलो.

महेश्वरबद्दल थोडं जास्त लिहिणं मला भाग आहे. इंदूरहून नव्वदेक किलोमीटर, घाट उतरून निमाडात. हवा बदलते ती आधी अंगाला कळते. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि निमाड त्याच्या पायथ्याशी, नर्मदेच्या खोऱ्यात. उन्हाळ्यात तिथे भट्टी पेटलेली असते, म्हणून आम्ही जायचो ते दिवाळीनंतर किंवा संक्रांतीच्या सुमारास. गावात शिरल्यावर दिसतात गल्ल्या, मागांचा खटखट आवाज, आणि मग एकदम किल्ल्याचा दरवाजा. आत अहिल्याबाईंचा वाडा आहे. राजवाडा म्हणावा असा त्याचा थाट नाही. लाकडी खांबांची पडवी, अंगण, आणि बैठकीवर पांढरी गादी. पुण्या-साताऱ्याकडच्या एखाद्या सधन देशमुखाचा वाडा असावा तसा. माझी आजी दर वेळी त्या गादीपुढे वाकून नमस्कार करायची आणि म्हणायची, ‘एवढी मोठी बाई, आणि बसायला एवढंसं.’

देवपूजेच्या जागी रोज मातीची छोटी शिवलिंगं करून त्यांची पूजा होते आणि नंतर ती नर्मदेत सोडतात. लिंगार्चनाची ही प्रथा अहिल्याबाईंच्या काळापासूनची. लहानपणी मी एकदा ती बघत बसलो होतो. ओल्या काळ्या मातीचा गोळा अंगठा आणि दोन बोटांत दाबला की एक लिंग तयार, ते पाटावर रांगेत. हात थांबत नव्हते आणि तोंडाने मंत्र चालू. कुणाशी काही बोलणं नाही. अर्ध्या तासाने पाट भरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही तेवढा वेळ गप्प होतो.

खाली घाट आहेत. अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट. फणसे म्हणजे यशवंतराव फणसे, अहिल्याबाईंचे जावई. १७९१ मध्ये ते वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनवलं होतं असं सांगतात. नवरा, सासरा, मुलगा, जावई, मुलगी, सगळे डोळ्यांदेखत गेले, आणि त्याच वर्षांत ह्या बाई काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधत होत्या. काशीविश्वनाथाचं आजचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये उभं केलं. घाटावर बसून हे आठवलं की पायऱ्यांचा दगड वेगळाच वाटायला लागतो. वर अहिल्येश्वराच्या आवारात यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांची छत्री आहे, ज्यांना १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ते एका ओळीत संपतं. छत्रीपुढे उभं राहून बाबा ती हकीकत सांगायचे तेव्हा आम्ही भावंडं आपोआप एकमेकांना चिकटून उभी राहायचो.

महेश्वरला मराठी कवीही आले. अनंत फंदी लावण्या रचत गावोगाव हिंडत असत. अहिल्याबाईंनी त्यांना तुमची वाणी देवाच्या कामी लावा असं सुचवलं आणि त्यांनी डफ सोडून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. आणि साड्या तर आहेतच. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले. महेश्वरी साडीच्या काठात घाटावरच्या नक्षीचे नमुने उतरले आहेत: लहर, चटई, वीट, हिरा, चमेलीचं फूल. काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, त्याला बुगडी म्हणतात. मागे हा धंदा मोडकळीला आला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था काढली आणि माग पुन्हा चालू लागले. रेवा म्हणजेच नर्मदा. आमच्याकडे लग्नाच्या खरेदीसाठी महेश्वरला जाणं ही निम्मी सहलच असायची. आई आणि मावशी मागावर बसलेल्या बाईशी अर्धा-अर्धा तास बोलत बसायच्या, आणि आम्ही तोवर नावेतून बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन यायचो. नदीच्या मधोमध उभं असलेलं ते एवढंसं देऊळ.

महेश्वरला जायचं मोटारीने, आग्रा-मुंबई रस्ता धरून मानपूरचा घाट उतरून. ओंकारेश्वरला मात्र बरीच वर्षं आगगाडीच, आणि त्या गाडीमागची गोष्ट मला फार आवडते.

१८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरमार्गे पूर्ण झाला. तो खांडव्यावरून जातो. माळव्यातली अफू आणि कापूस बंदरावर न्यायचा तर पठारावरून खांडव्यापर्यंत रूळ हवे होते. त्याच वर्षी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी ब्रिटिश सरकारला ह्या कामासाठी एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीचं. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावं आणि त्यातून आपल्या गावापर्यंत गाडी आणून घ्यावी, याचं मला आजही नवल वाटतं. मार्गाचं नावच होळकर स्टेट रेल्वे. १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल झाला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत मीटरगेजची गाडी इंदूरला पोचली. महू ते कालाकुंड हा त्यातला अवघड टप्पा. पठाराची कड तिथे तुटते आणि रूळ चोरल नदीच्या दरीत उतरतात. चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस फूट पुढे जाताना एक फूट वर. खालून येणाऱ्या गाडीला मागून दुसरं इंजिन लावावं लागे.

ह्या गाडीने इंदूरच्या मराठी माणसासाठी दोन कामं केली. एक म्हणजे मुलुख जवळ आला. आधी बैलगाडीने किंवा घोड्यावरून आठवडेच्या आठवडे खाणारा पुण्या-नाशिकचा प्रवास खांडव्याला गाडी बदलून दीड-दोन दिवसांवर आला. मोठ्या सुट्टीत मामाच्या गावी जाणं शक्य झालं ते ह्यामुळे. माझ्या आजीच्या आठवणीत खांडव्याचा फलाट म्हणजे रात्रभराचा मुक्काम. वळकटी सोडून सतरंजी अंथरायची, पितळी डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी खायची, आणि पहाटे मुंबईकडची मोठी गाडी. दुसरं काम असं, की वाटेतली स्थानकं मुक्कामाची झाली. मोरटक्क्याला उतरलं की ओंकारेश्वर. त्या स्थानकाचं नावच पुढे ओंकारेश्वर रोड पडलं. मुलुखाला जाताना-येताना नर्मदा ओलांडायची, तर एक दिवस उतरून स्नान करून पुढे जायचं, अशी रीत पडली. ज्यांचे मुलुखातले पाश हळूहळू सुटत गेले त्यांच्यासाठी नर्मदेपर्यंतचाच टप्पा शिल्लक राहिला. आमचं घर त्यांतलंच. पणजोबा पंढरपूरला जात, आजोबा नाशिकपर्यंत, बाबा ओंकारेश्वरपर्यंत. एका अर्थी आमची सुट्टी म्हणजे त्या जुन्या परतीच्या वाटेचा उरलेला तुकडा आहे.

ओंकारेश्वरचं बेट, मांधाता, ॐकाराच्या आकाराचं आहे अशी श्रद्धा. ज्योतिर्लिंग बेटावर आणि दक्षिण काठावर ममलेश्वर. दोन्हींचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. बेटाला प्रदक्षिणा साधारण सात किलोमीटरची, चढउताराची. कोटितीर्थ घाटावर आंघोळ करून अनवाणी निघालं की दगड तापायच्या आत परत यायचं हा आजीचा नियम. नर्मदा परिक्रमेला निघणारे पुष्कळ जण इथूनच संकल्प सोडतात, त्यामुळे घाटावर ‘नर्मदे हर’ बरोबर सातारी, वऱ्हाडी, कोकणी मराठी कानावर पडते. आम्हा इंदुरी पोरांना ती मराठी ऐकताना आपली आपल्यालाच जरा तपासून घ्यावीशी वाटायची. आम्ही ‘अपन चलू’ म्हणणारी, हिंदीत वाढलेली माणसं. एका आजोबांनी मला विचारलं होतं, ‘बाळ, कुठला तू?’ मी म्हटलं, ‘इंदूरचा.’ ते म्हणाले, ‘तसं नाही, मूळ कुठला?’ घरी येऊन मी बाबांना हाच प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला आमच्या गावाचं नाव सांगितलं. ते गाव मी अजून पाहिलेलं नाही.

ओंकारेश्वराच्या खालच्या अंगाला, सनावदच्या बाजूला, रावेरखेडी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव इथे, नर्मदेच्या काठी, छावणीत वारले. वय चाळीसही पुरं नव्हतं. ज्या माणसाच्या वाटणीमुळे आपण सगळे इकडे आलो त्याची समाधी इंदूरहून दोन-अडीच तासांवर आहे आणि तरी सहलीच्या यादीत ती फार उशिरा आली. माझ्या लहानपणी कुणी तिकडे जात असल्याचं आठवत नाही. आता जातात, त्यातही पुण्याहून आलेली मंडळी जास्त. दगडी आवार, समोर पसरलेलं पाणी, आणि बहुतेक वेळा कुणीही नाही. इंदूरकरांनी तिथे निदान एकदा मुलांना न्यावं असं मला मनापासून वाटतं.

घाटाच्या वरच्या टोकाला पाताळपाणी. चोरल नदी सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. पावसाळ्यात रविवारी महूपर्यंतच्या गाड्या ह्या एका धबधब्यासाठी भरून जात. आमच्या पिशवीत दाल-बाफल्यांचं सामान असायचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बाफले भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वर डाळ. देशावरून आलेल्या घरांनी माळव्याची इतकी गोष्ट मात्र पुरती आपली करून टाकली. तिथेच टंट्या मामांचं देऊळ आहे. टंट्या भिल्ल, निमाडातला बंडखोर, सावकारांकडचं धान्य लुटून गरिबांना वाटणारा. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी दिलं. त्याचा देह पाताळपाणीजवळ रुळांपाशी टाकला असं इथे सांगतात. प्रत्येक गाडी देवळापाशी क्षणभर थांबून सलामी देते, नाहीतर घाटात अपघात होतो, ही समजूत आम्ही लहानपणी अगदी खरी मानत होतो. गाड्या थांबत हे खरंच. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासावे लागत. पण डब्यातली माणसं हात जोडत ती ब्रेकसाठी नव्हे. भिल्लांच्या ह्या देवळापुढे आमच्या आजीने जोडलेले हात आणि महेश्वरला जोडलेले हात यांत मला कधी फरक दिसला नाही.

त्याच मार्गावरचं महू आमच्यासाठी फक्त गाडी बदलायचं ठिकाण होतं, हे आता खटकतं. मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी ही छावणी वसवली. लष्करात सुभेदार असलेले रामजी सकपाळ तिथे नोकरीला होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी त्याच छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. माळव्यात आलेली मराठी माणसं म्हणजे सरदार आणि कारकून एवढंच चित्र आमच्या घरात रंगवलं जायचं. रत्नागिरीकडून पलटणीबरोबर आलेलं हे कुटुंब त्या चित्रात नव्हतं. दर एप्रिलमध्ये महाराष्ट्रातून लाखो लोक महूला येतात, रेल्वे भरून येतात. २००३ मध्ये गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. माझ्या मुलांच्या सुट्टीच्या यादीत जन्मभूमीचं स्मारक पहिल्यापासून आहे, याचं मला समाधान आहे.

देवास आणि उज्जैन ह्या दिवसभराच्या सहली. देवासला तुकोजी आणि जिवाजी ह्या पवार बंधूंनी एकाच गावात दोन राज्यं केली, थोरली पाती आणि धाकटी पाती. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोकांच्या तोंडी बडी माता आणि छोटी माता. ज्यांना तुळजापूरला जाणं जमत नाही अशा घरांचा कुलाचार इथे होतो. नवरात्रात रात्री इंदूरहून लोक पायी निघतात. टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर आहे. क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले, माळव्याच्या कोरड्या हवेसाठी, आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले. बेळगावकडचा गवई माळवी लोकगीतांत इतका रमला की ती गीतं देशभर पोचली. टेकडी उतरताना बाबा त्या घराच्या दिशेला बोट दाखवून उगाचच आवाज खाली आणत. उज्जैनचं महाकालाचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात पुन्हा बांधवलं, आणि बायजाबाई शिंद्यांनी गोपाळमंदिर उभं केलं. सिंहस्थ आला की घरोघरी पाहुणे. मागचा २०१६ चा, पुढचा २०२८ चा.

मांडू मात्र वेगळं. देव नाही, कुलाचार नाही, सोयरीक नाही, आणि तरीही ते सर्वांत लाडकं. श्रावणात ढग महालांच्या आत शिरतात. जहाजमहालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरले की तो खरोखर तरंगल्यासारखा दिसतो. माळव्याचा सुलतान बाजबहादूर १५६१ मध्ये अकबराच्या फौजेपुढे हरला आणि त्याच्या राणी रूपमतीने विष घेतलं, ही गोष्ट वाटाडे हिंदीत सांगतात आणि आई ती आमच्यासाठी मराठीत पुन्हा सांगायची, रडू येईल इतकी छान. रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, म्हणून तिच्यासाठी कड्याच्या टोकावर मंडप आहे. हवा स्वच्छ असली तर तिथून खाली निमाडात नर्मदा एका चमकत्या रेघेसारखी दिसते. बहुतेक वेळा दिसत नाही. तरी प्रत्येक माणूस तिथे उभा राहून शोधतोच. रस्त्याकडेला भिल्ल बाया गोरखचिंचेची फळं विकतात, मांडूची इमली म्हणून. आफ्रिकेतून आलेला हा बुटक्या, फुगीर खोडाचा वृक्ष. फळाची मखमली हिरवट कवटी दगडावर फोडली की आत पांढरा, पिठूळ, आंबट गर. तो चघळत परतीचा सगळा प्रवास जायचा आणि दुसऱ्या दिवशी जिभेला खरखर.

इंग्रजांनी वसवलेल्या थंड हवेच्या गावांची ओढ इंदूरला त्या मानाने कमी. पचमढीला लोक जातात, पण ती तीनशेहून अधिक किलोमीटरवर, आणि खरं म्हणजे तिची गरज नागपूर-जबलपूरला जास्त होती. माळव्याच्या पठारावर मे महिन्यातही रात्री वारा सुटतो. शब-ए-माळवा म्हणतात ती हीच. गच्चीवर गाद्या टाकून चांदण्यात झोपायला मिळत असेल तर हवापालटासाठी डोंगर कशाला चढायचा? आमच्याकडे उलटच झालं. आम्ही सुट्टीसाठी डोंगर उतरत आलो, नदीकडे.

ती गाडी आता नाही. इंदूर-महू मार्ग मोठ्या रुळांचा झाला आणि २०२३ च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेजची शेवटची धावही थांबली, रुंदीकरणासाठी. पाताळपाणी ते कालाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरचा तुकडा तेवढा जपला आहे. डिसेंबर २०१८ पासून तिथे वारसा गाडी सुरू झाली, मोठ्या काचांची. मुलांना घेऊन गेलो होतो. चार बोगदे, प्रत्येक बोगद्यात पोरांची तीच आरोळी जी आम्ही ठोकायचो. कालाकुंडला कलाकंद मिळाला, पळसाच्या पानात.

आणि नर्मदा स्वतः घाट चढून इंदूरला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. यशवंतसागर आणि बिलावलीच्या तलावांवर वाढत्या शहराची तहान भागेना. १९७० मध्ये इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठं आंदोलन केलं, आणि १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर नळातून, डोंगरावर उपसून, पाणी शहरात पोचलं. आमच्या नळाला येतं ते हेच पाणी. जलूद महेश्वरपासून थोड्याच अंतरावर आहे.

गेल्या कार्तिकात आईला महेश्वरला घेऊन गेलो. पायऱ्या उतरताना ती माझ्या खांद्याला धरून होती. शेवटच्या पायरीवर बसून तिने पिशवीतून तांब्याची छोटी लोटी काढली आणि वाकून भरून घेतली. ‘आजी, घरी नळाला हेच येतं,’ माझी धाकटी म्हणाली. आईने लोटीचं झाकण घट्ट लावलं, ओल्या हाताने तिच्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, ‘ते वापरायचं. हे देवघरातलं.’